कूलरचा कंडेन्सर आणि घरचं थिएटर

नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानात मी चार मायक्रोफॅरडचे दहा कंडेन्सर मागितले, तेव्हा एप्रिल अर्धा सरला होता आणि दुकानाबाहेर कूलरच्या मोटारी, पंपाच्या नळ्या, ताट्या यांचा ढीग लागला होता. काउंटरवरच्या भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "दहा कूलर एकदम बसले काय भाऊ?" कूलर नाही, स्पीकर करतो आहे, असं सांगितलं तरी त्यांना ते फारसं पटलं नाही. माल मात्र दिला. पंख्या-कूलरच्या मोटारीला लावतात तो कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा असतो आणि ४४० व्होल्ट एसीला टिकेल असा बनवलेला असतो. ट्वीटरकडे, म्हणजे उंच स्वरांच्या लहान स्पीकरकडे, निघालेला खर्ज वाटेतच अडवायला स्पीकरच्या पेटीत जो भाग लागतो, तो याच जातीचा. ‘ऑडिओ ग्रेड’ असं छापून आलेला त्याचा परदेशी भाऊबंद कितीतरी पट महाग पडतो.

घरच्या थिएटरसाठी स्पीकर स्वतः बनवावेत का, बनवायचे तर कोणत्या जातीचे, आणि नागपूरसारख्या गावात ते कितपत जमतं, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. इथे पेटी करणं सोपं आहे. ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसवायचा मूळ स्पीकर, मिळवणं थोडं खर्चाचं आहे. काम अडतं ते मोजमापापाशी आणि खोलीपाशी, आणि हौशी माणसं नेमकी हीच दोन कामं टाळतात.

पेट्या बनवणं या शहराला नवीन नाही. मारबतीची मिरवणूक, गणपती, लग्नसराई या सगळ्यांना लागणारे डीजेचे ‘बेस’ आणि ‘टॉप’ इथलेच सुतार ठोकतात. जळालेली व्हॉइस कॉइल बदलून नवा कोन, नवा स्पायडर बसवून देणारे कारागीर आहेत. सी-५२०० आणि ए-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोड्यांवर उभे केलेले असेंबल्ड अँप आहेत. तेव्हा ‘स्पीकर घरी थोडाच बनतो’ असं इथे कुणी म्हणू नये. फक्त त्या विद्येचं उद्दिष्ट वेगळं आहे. चौकात दोनशे माणसांच्या डोक्यावरून आवाज फेकायचा असतो, त्यामुळे जोर आणि टिकाऊपणा पहिला; चाळीस हर्ट्झच्या खाली काय होतं, तीन हजार हर्ट्झला आवाज किती टोचतो, याची तिथे कुणाला पडलेली नसते. घरात ऐकणारा तीन मीटरवर बसलेला असतो, तिथे उंच आवाजापेक्षा सारखा आवाज लागतो. डीजेची पेटी लहान करून हॉलमध्ये आणली की घरचं थिएटर होत नाही. हा प्रयोग करून पाहिलेले दोन-तीन जण माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांच्या घरी सिनेमा बघताना मी कानाच्या बाजूला उशी धरून बसलेलो आहे.

थोडं मागे जाऊ. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं, तेव्हा आज आपण ओळखतो तो कोनचा स्पीकर अजून जन्मायचा होता. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली तो मांडला: चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कागदी कोन, कडेला लवचिक किनार. शंभर वर्षांत सामग्री बदलली, तत्त्व तेच राहिलं. १९४८ मध्ये आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झाल्यावर ज्या घरांत व्हॉल्व्हचे रेडिओ बोलू लागले, त्यांतही हाच स्पीकर होता, मागून उघड्या लाकडी खोक्यात बसवलेला. जुन्या रेडिओतले ते स्पीकर काढून आज बंद पेटीत घालणारे हौशी लोक आहेत. आवाज डबाबंद येतो म्हणून मग स्पीकरला नावं ठेवतात. तो स्पीकर मुळात उघड्या पाठीसाठीच बनवलेला होता.

कोणता स्पीकर कोणत्या पेटीत बसेल, हे दीर्घकाळ कारखान्यांचं गुपित होतं, किंवा गुपितही नव्हतं, नुसता अंदाज होता. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये लहान, घट्ट बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून मोठ्या कपाटाएवढा खर्ज काढून दाखवला. खरी उलथापालथ ऑस्ट्रेलियात झाली. नेव्हिल थील या अभियंत्याने १९६१ मध्ये छिद्राच्या पेटीचं गणित इलेक्ट्रिकल फिल्टरच्या भाषेत मांडलं. दहा वर्षं त्याकडे कुणी फारसं ढुंकून पाहिलं नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकाने तो निबंध पुन्हा छापला आणि सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी त्यावर पुढचं काम उभं केलं. तेव्हापासून ड्रायव्हरसोबत तीन आकडे मिळू लागले. कोन मोकळा असताना कोणत्या कंपनाला सर्वांत जास्त झुलतो, तो एफएस. त्याचं झुलणं किती लवकर आवरतं, तो क्यूटीएस. आणि त्याच्या लवचिकपणाइतकी लवचिक हवा किती लिटर, तो व्हीएएस. हे तीन आकडे हातात असले की पेटीचं माप शाळेतल्या त्रैराशिकाइतकं सोपं होतं.

समजा साडेसहा इंची वूफर आहे. एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४, व्हीएएस २५ लिटर. बंद पेटीत खर्ज सपाट उतरावा, मध्येच फुगू नये, यासाठी पेटीसकटचा क्यू ०.७ च्या आसपास ठेवतात. ०.७०७ ला ०.४ ने भागा, वर्ग करा, एक वजा करा: २.१२. पंचवीस लिटरला त्याने भागलं की जवळपास १२ लिटर. पेटीत बसल्यावर कोनाचं कंपन ४० वरून ७१ हर्ट्झवर जातं आणि त्याखाली आवाज उतरू लागतो. एकट्या गाणी ऐकणाऱ्याला ७१ हर्ट्झ कमी वाटेल. पण घरच्या थिएटरमध्ये साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काम सबवूफरकडे द्यायची पद्धत आहे, टॉमलिन्सन होल्मन यांच्या टीएचएक्स या सिनेमा-ध्वनीच्या मानकाने ती रूढ केली. मग ही पेटी कामाला पुरून उरते. मला बंद पेटी आवडते याचं कारण एवढंच आहे. चुकायला जागा कमी, आणि सब नीट जुळतो.

बारा लिटरमध्ये वूफरचं धूड, आतली आडवी पट्टी आणि क्रॉसओव्हरची (वूफर-ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या सर्किटची) जागा मिळवली की साडेतेरा लिटर होतात: आतून १८ बाय २४ बाय ३१ सेंटिमीटर. १८ मिलिमीटरचा माल लावला तर बाहेरून २१.६ बाय २७.६ बाय ३४.६. पेटीला अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी लाकूड लागतं, म्हणजे आठ बाय चारच्या एका शीटमधून समोरचे दोन, मधला एक आणि बाजूचे दोन असे पाचही डबे निघतात, कापणीचा तोटा धरून. ही कापणी स्वतः करवतीने करू नका. लकडगंजात पॅनेल कापणाऱ्यांकडे मापांचा कागद द्या. काटकोन काटकोनासारखे निघतात आणि पेटी हवाबंद होते. मी पहिल्यांदा हातकरवतीने कापलेल्या पेटीच्या फटी बुजवायला जेवढं सिलिकॉन गेलं, त्यात न्हाणीघर झालं असतं.

माल कोणता, यावर मात्र नागपूरचं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं असायला हवं. जगभरचे हौशी लोक एमडीएफ सुचवतात: स्वस्त, एकजिनसी, जड, घुमत नाही. ते सगळं खरं आहे, पण ती शिफारस करणाऱ्याच्या घरात कूलर नसतो. माझी पहिली जोडी एमडीएफची होती, खिडकीतल्या कूलरच्या वाऱ्यात उभी. पहिला उन्हाळा निघाला. दुसऱ्या उन्हाळ्यात खालच्या कडा पुरीसारख्या फुगल्या आणि रंगाला तडे गेले. एमडीएफच वापरायचं असेल तर कापलेल्या प्रत्येक कडेला सीलर हवा, आतूनसुद्धा. त्यापेक्षा आयएस ३०३ च्या बीडब्ल्यूआर दर्जाचं प्लाय घ्यावं. पैसे असतील तर आयएस ७१० चं मरीन. आत पोकळी नाही ना, हे शीटच्या कडेकडे नीट बघून ठरवा. पोकळीवर ड्रायव्हरचा स्क्रू आला की तो फिरत राहतो.

आणि सागवान? इथे प्रत्येक मिस्त्रीचा पहिला सल्ला तोच असतो. बल्लारशा-आलापल्लीचं सी. पी. टीक घराजवळ मिळत असताना प्लाय कशाला, हा प्रश्न भावनिक आहे आणि मला तो समजतो. पण अख्खं लाकूड ऋतूप्रमाणे श्वास घेतं. मे महिन्यातल्या दुपारी इथली हवा कोरडीठाक असते, जुलैत ओली. तंतूंच्या आडव्या दिशेने फळी फुगते-आकसते, आणि सहा फळ्या एकमेकींना फेव्हिकॉलने बांधलेल्या असतील तर कुठेतरी सांधा उकलणारच. हवाबंद पेटीचा सांधा उकलला की तिचं सगळं गणित गेलं. सागवान हवंच असेल तर व्हिनीअर म्हणून वरून चढवा, दिसायला तेवढंच राजस.

पेटी जितकी जाड तितकी चांगली, हा समज सर्वत्र आहे, आणि तो पूर्ण खरा नाही. १९७० च्या दशकात बीबीसीने एलएस३/५ए हा लहान मॉनिटर घडवला, त्याच्या भिंती जेमतेम १२ मिलिमीटर बर्च प्लायच्या होत्या आणि आतून कंप शोषणारे थर चिकटवलेले होते. विचार असा की जाड भिंत गप्प बसत नाही, ती फक्त वरच्या स्वरात कुरकुरते, जिथे कान जास्त तीक्ष्ण असतो. पातळ आणि ओझ्याने दाबलेली भिंत खाली कुरकुरते आणि लवकर थांबते. दोन्ही पंथांचे स्पीकर चांगले वाजतात. साध्या माणसासाठी १८ मिलिमीटर प्लाय आणि मध्ये एक आडवी पट्टी, एवढ्यावर मी थांबतो. आत भरायला पॉलिएस्टरचं फायबर वापरतात. इथे गादीवाल्याकडे पिंजलेला कापूस मिळतो, विदर्भाचाच. तोही चालतो, आतले पडसाद शोषतो आणि पेटी दहा-पंधरा टक्के मोठी असल्यासारखी वागायला लावतो. मात्र कापसाला ओल आणि कसर दोन्हींचं आकर्षण आहे. मी पॉलिएस्टरवर आलो.

ड्रायव्हर निवडताना इथल्या हवेसाठी एकच अट घालेन: किनार रबराची हवी. फोमची किनार उष्णता, ओल आणि उन्हाने काही वर्षांत भुगा होते. बाजारात दुरुस्तीला येणारे जुने स्पीकर पाहिले तर फाटलेल्या फोमचे कितीतरी निघतात. आकडे छापलेला ड्रायव्हर घ्या, ‘पाचशे वॅट’ छापलेला नको. वॅटचं गणित असं आहे: एक वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर तीन मीटरवर, खोलीची मदत धरून, साधारण ८० देतो. गडगडाटाच्या क्षणी ९५ हवे असतील तर आणखी १५ डेसिबल, म्हणजे ३२ वॅट. चॅनेलमागे बत्तीस. पीएमपीओच्या हजारोंच्या आकड्यांवर वाढलेल्या पिढीला हे पचत नाही, पण अँप दुप्पट केला तर वाढतात तीनच डेसिबल.

आता क्रॉसओव्हर. नवशिक्याचा मोह असा असतो की वूफर आणि ट्वीटर चांगले घेतले म्हणजे झालं, मध्ये एक तयार सर्किट टाकू, ‘टू-वे, आठ ओहम’ असं लिहिलेलं. आणि इथेच बहुतेक घरगुती स्पीकर मरतात.

तत्त्व सोपं आहे. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम करणारे झीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांची जी रचना १९७६ पासून प्रसिद्ध आहे, तिच्यात जोडाच्या ठिकाणी वूफर आणि ट्वीटर दोघांचाही आवाज सहा डेसिबलने खाली असतो आणि दोघांची बेरीज सपाट येते. अडीच हजार हर्ट्झला, आठ ओहमला, दुसऱ्या श्रेणीच्या या रचनेचं उत्तर येतं ४ मायक्रोफॅरड आणि १ मिलिहेन्री. (बर्डीतले ते दहा कंडेन्सर: पाच पेट्या, प्रत्येकी दोन.) कॉइल तर मी मोटर वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतली. शेतातले पंप आणि कूलरच्या मोटारी भरणारी ही माणसं तारेचा गेज आणि वेढे सांगितले की अर्ध्या तासात अशी कॉइल देतात की बघत राहावं. लोखंडी गाभा नको, नुसती हवा, एवढं समजावून सांगावं लागतं. आणि या श्रेणीत ट्वीटरच्या तारा उलट जोडायच्या असतात, नाहीतर जोडाच्या जागी आवाजाला खड्डा पडतो.

पण आठ ओहम हे नुसतं नाव आहे. मल्टीमीटरने मोजलं तर तोच वूफर सहाच्या आसपास दाखवतो, झुलण्याच्या कंपनाला तीसच्या पुढे उडतो, आणि वरच्या स्वरांत व्हॉइस कॉइलमुळे पुन्हा चढत जातो. पुस्तकी आकडे ज्या आठवर बेतलेले, ते आठ ओहम अडीच हजार हर्ट्झला जागेवर असतीलच याची खात्री नाही. शिवाय पेटीची समोरची फळी २१.६ सेंटिमीटर रुंद आहे. तिच्या रुंदीपेक्षा लहान लहरी पुढे फेकल्या जातात, मोठ्या लहरी पेटीला वळसा घालून मागे पसरतात. ११५ ला रुंदीने मीटरमध्ये भागलं तर ही सीमा ५३० हर्ट्झच्या जवळ येते. त्याखालचा आवाज मोकळ्या जागेत सहा डेसिबलपर्यंत पातळ होतो. पुरुषी आवाजाची छाती इथेच असते. म्हणून पुस्तकी क्रॉसओव्हरचे स्पीकर नाकात बोलतात. उपाय म्हणजे क्रॉसओव्हरमधली वूफरची कॉइल मोठी करून वरचा भाग दाबणे, भिंतीजवळ ठेवायचा असेल तर थोडं कमी दाबणे. कितीने, हे मोजल्याशिवाय कळत नाही. ऐकून ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. ते चार महिन्यांत चार वेळा कॉइल बदलतात आणि शेवटी त्या आवाजाची सवय होते.

मोजणं आता महाग राहिलेलं नाही. आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे, व्हिट्युइक्सकॅड नावाचं क्रॉसओव्हर आखायचं दुसरं फुकट आहे, आणि कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक एका चांगल्या वूफरच्या किमतीत येतो. फोनचा माइक नको. अडचण जागेची असते, कारण खोलीत मोजलं तर स्पीकरसोबत भिंतीही मोजल्या जातात. नागपूरकराकडे यावर उत्तम इलाज आहे: गच्ची. रंगाऱ्याचा घोडा आणा, स्पीकर दोन मीटर उंच ठेवा, माइक त्याच उंचीवर एक मीटर पुढे. फरशीवरून परतणारा आवाज थेट आवाजापेक्षा तीन मीटरहून जास्त अंतर चालून येतो, म्हणजे नऊ मिलिसेकंद उशिरा. तेवढ्या खिडकीतलं मोजमाप घेतलं की सुमारे ११० हर्ट्झच्या वरचं चित्र स्वच्छ मिळतं. रात्री अकराला वारा पडलेला असतो. फक्त शेजाऱ्यांना आधी सांगा. गच्चीवरून वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत चढत जाणारी शिट्टी ऐकून खालच्या मजल्यावरचे काका टॉर्च घेऊन वर आले होते.

काय मोजायचं, हेही आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत, आणि नंतर हार्मनमध्ये, पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांना ऐकवले. नाव, किंमत, आकार दिसेनासा झाल्यावर लोकांनी पुन्हा पुन्हा त्याच जातीचे स्पीकर निवडले: समोरून सपाट, आणि बाजूला सरकलं तरी आवाज हळूहळू, धक्का न बसता उतरणारे. म्हणून समोरच्या मोजमापावर थांबू नका. पेटी पंधरा-पंधरा अंश फिरवून साठपर्यंत जा. चांदीच्या तारा आणि सोनेरी टर्मिनलवर वाद घालणाऱ्यांना मी तो पडद्याआडचा प्रयोग सुचवतो. अजून कुणी केला नाही.

इतकं करून स्पीकर खोलीत आणले की खोली आपलं म्हणणं सुरू करते. आपला ठरलेला हॉल: दहा बाय चौदा फूट, उंची दहाच्या आसपास, विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल. चौदा फुटांत ४० हर्ट्झची उभी लहर बसते, दहा फुटांत ५६ ची. रुंदी आणि उंची सारखी असल्यामुळे ५६ दोनदा येते आणि तिथे प्रत्येक स्फोट, प्रत्येक ढोल एकाच ‘ढम’मध्ये बोलतो. याला मी हॉलचा खर्ज म्हणतो. स्पीकर बदलून तो जात नाही. गंमत म्हणजे तो ऋतूप्रमाणे हलतो. हवा तापली की आवाज वेगाने धावतो: दहा अंशांच्या जानेवारीत सेकंदाला ३३७ मीटर, चाळीस अंशांच्या खोलीत ३५५. म्हणजे डिसेंबरात लावलेला इक्वलायझर मे महिन्यात पाच टक्के चुकलेला असतो. कानाला ते कळेलच असं नाही, पण नागपूरला हा फरक इतका पडतो याचा मला उगाच अभिमान वाटतो.

टाइलचा खणखणाट मात्र रोजचा आणि कळणारा. जाड सतरंजी, समोरच्या भिंतीला चुण्यांचे जड पडदे, मागे पुस्तकांचं कपाट; एवढ्याने संवाद लगेच सुधारतात. अंड्यांचे ट्रे लावू नका. त्यांनी काहीही होत नाही, पाली मात्र राहायला येतात.

कूलरचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. चांगल्या स्पीकरचं निम्मं सौंदर्य शांततेत असतं आणि एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आपल्या हॉलमध्ये शांतता नसते. पंख्याची घरघर बरोबर माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यावर बसते. मग संवादासाठी आवाज वाढवायचा, आणि पुढच्या मारामारीला घाईने कमी करायचा. ज्यांच्याकडे एसी आहे ते सुटले.

‘डायलॉग ऐकू येत नाही’ ही तक्रार तशी कूलर नसलेल्या घरातही असते, आणि तिचा संबंध मधल्या स्पीकरशी आहे. पाच स्पीकर आणि एक सब अशा ५.१ मांडणीत बहुतेक संवाद मधल्या चॅनेलमधूनच येतात. बाजारातले मधले स्पीकर टीव्हीखाली मावावेत म्हणून आडवे असतात, दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर. हे देखणं दिसतं. पण दोन वूफर शेजारी शेजारी एकच स्वर काढतात, तेव्हा सोफ्याच्या टोकाला बसलेल्यापर्यंत दोघांचा आवाज मागेपुढे पोचतो आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. मधोमध बसलेल्या यजमानाला उत्तम ऐकू येतं, कडेला बसलेल्या आजींना नाही. स्वतः बनवणाऱ्याचा खरा फायदा इथे आहे: तो पाचही पेट्या सारख्या करू शकतो, आणि मधली उभीच ठेवू शकतो. टीव्ही वीतभर वर चढवावा लागतो. घरात एवढी एक लढाई लढण्यासारखी आहे. बाजूचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या किंचित मागे, समोरच्या रेषेपासून शंभर ते एकशेवीस अंशांत. छतावरचे ॲटमॉसचे नंतर बघू, आधी मधला नीट करा.

सबवूफर हा एकच भाग असा आहे की जिथे घरी केलेलं काम विकतच्याला सर्रास हरवतं, कारण खर्ज म्हणजे शेवटी किती हवा हलवली याचा हिशेब. एक सप्तक खाली उतरायचं आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर कोनाला चौपट हलावं लागतं. मोठा कोन आणि मोठी पेटी याला पर्याय नाही, आणि कंपन्यांना मोठी पेटी पाठवणं परवडत नाही. बारा इंची ड्रायव्हर, ८० लिटरची पेटी आणि तिला चार इंची पीव्हीसी पाइप. माठाच्या तोंडावर फुंकर घातली की तो एका ठरावीक स्वरात हुंकारतो. पाइपची लांबी म्हणजे त्या माठाचा गळा. आतून दहा सेंटिमीटरचा पाइप ४० सेंटिमीटर लांब ठेवला तर ८० लिटरची पेटी २५ हर्ट्झला हुंकारते. पाइप शेतीच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. २५ च्या खाली मात्र कोनाला आवरणारं कुणी नसतं, तिथले स्वर अँपमध्येच कापावे लागतात, नाहीतर एखाद्या सिनेमातलं हेलिकॉप्टर उतरताना ड्रायव्हरही कायमचा उतरतो. ड्रायव्हर त्या पेटीत बसतो का, हे आधी आकड्यांवरून पाहायचं, हे वेगळं सांगायला नको.

सब कुठे ठेवायचा, याची जुनी युक्ती अजून सर्वोत्तम आहे. तो सोफ्यावर आपल्या जागी ठेवा, खर्जाचे स्वर एकामागून एक लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे आवाज सारखा लागेल तिथे सब. दोन सब समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले तर हॉलचा तो ‘ढम’ बराच निवतो. रात्री दहानंतर दोन्ही बंद. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खर्ज भिंतीला जुमानत नाही.

पैसे वाचतात का? पहिल्या जोडीत नाही. चुकलेल्या कॉइली, दुसऱ्यांदा कापलेली फळी, माइक, आणि घरच्यांचं मन वळवण्याचा खर्च धरला तर विकतचा संच स्वस्त पडला असता. पाच पेट्या आणि एक सब एकाच आराखड्यावर केले, तर मात्र त्याच पैशांत मिळणाऱ्या विकतच्या संचापेक्षा वरचा आवाज मिळतो, कारण विकतच्या किमतीत पॅकिंग, जाहिरात आणि दुकानदाराचा वाटा असतो. रिसीव्हर विकत घ्यावा. एचडीएमआय आणि डॉल्बीचं डीकोडिंग घरी करण्यात अर्थ नाही. आणि हे सगळं हौसेपुरतंच राहतं असंही नाही. पुण्याच्या केडन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि वूफर यांची जोड असलेले स्पीकर महाराष्ट्रातच बनवून दाखवले, आणि तो पडदा तर साध्या कोनापेक्षा कितीतरी अवघड.

आमच्या पेट्या ठोकणाऱ्या मिस्त्रींना पहिल्या दिवसापासून शंका होती. "एवढ्याशा डब्याले अठरा एमएम कायले पायजे भाऊ?" असं ते शेवटपर्यंत विचारत राहिले. उरलेले पैसे घ्यायला मे महिन्यातल्या दुपारी आले, तेव्हा मी त्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं आणि मधल्या पेटीवर एक जुना मराठी सिनेमा लावला, दोन माणसं हळू आवाजात बोलतात असा प्रसंग. मिस्त्री पुढे झुकले. मग हात वर करून मला थांबवलं.

"कूलर बंद करा बरं जरा," ते म्हणाले.